रिंकवर टर्फ अंथरण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व महापालिका आणि नगरपालिकांचे आयुक्त, मुख्याधिकारी, क्रीडा व उद्यान विभागांतले अधिकारी आणि सर्व नगरसेवक

विषय: सार्वजनिक स्केटिंग रिंक बंद न करण्याबाबत आणि त्या मोठ्या माणसांनाही खुल्या करण्याबाबत

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या शहरातल्या एका सार्वजनिक बागेच्या मागच्या अंगाला स्केटिंगची रिंक आहे. सिमेंटची, लांबट गोल, भोवती कमरेइतका लोखंडी कठडा. गेल्या महिन्यात तिच्या फाटकावर एक कागद डकवलेला दिसला. ‘पुरेसा वापर होत नसल्याने’ रिंकवर कृत्रिम हिरवळ (टर्फ) अंथरून जागा बॉक्स क्रिकेटसाठी भाड्याने देण्याचा प्रस्ताव आहे, हरकती पंधरा दिवसांत कळवाव्यात, असा मजकूर होता. हरकत मी रीतसर दिली, पोच घेतली. पण ‘वापर होत नाही’ हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. असा कागद उद्या दुसऱ्या गावातल्या रिंकच्या फाटकावरही लागू शकतो, म्हणून हे पत्र मी तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

वापर कसा मोजला, असं मी विचारलं. प्रशिक्षण वर्गाच्या हजेरीपटावरून, असं उत्तर मिळालं. हजेरीपटावर सव्वीस मुलं आहेत, ती संध्याकाळी साडेपाच ते सात येतात. बाकी वेळ फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी पाटी: ‘फक्त प्रशिक्षणार्थींसाठी. इतरांना प्रवेश नाही.’ इतरांना आत येऊच द्यायचं नाही आणि मग इतर येत नाहीत म्हणून जागा निरुपयोगी ठरवायची, हे मला पटत नाही. शिवाय जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत उघड्या रिंकवर शेवाळ धरतं, तिथे कोणाला पाय ठेवता येत नाही. ते चार महिनेही ‘वापर नाही’ यातच धरले गेले आहेत.

आणि आम्ही तर कुठल्याच पटावर नाही. आम्ही चौदा जणी आहोत. सगळ्यांत धाकटी एकतीस वर्षांची, सगळ्यांत मोठ्या काकू चौसष्टच्या. मी स्वतः छप्पन्न. चार वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्यांनी तोंडी परवानगी दिली, तेव्हापासून रखवालदारकाका पहाटे पावणेसहाला फाटक उघडतात आणि साडेसहाला लावतात. त्या पाऊण तासाची कुठे नोंद नाही. आज मी ती नोंद करून ठेवते आहे.

दोन वर्षांपूर्वी एक वहिनी आमच्यात आल्या. वय अठ्ठेचाळीस. एका मेससाठी रोज सकाळी दीडशे पोळ्या लाटतात. पहिल्या दिवशी साडीत आल्या, नुसत्या बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या. मी त्यांच्या पायात स्केट्स चढवले, बकल आवळलं, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, जमीन पळतीये!” दोन्ही हातांनी त्यांनी कठडा इतका घट्ट धरला होता, की बसताना बघितलं तर तळहातांवर गंजाचे तांबडे पट्टे उमटले होते.

नवशिक्या माणसाला वाटतं, ताठ उभं राहिलं की तोल राहील. होतं उलटंच. ताठ माणसाचे पाय पुढे पळतात आणि तो माकडहाडावर बसतो. गुडघे वाकवायचे, अंग जरासं पुढे झुकवायचं, नजर खाली न ठेवता समोर ठेवायची. मी त्यांना म्हटलं, “वहिनी, भरलेला हंडा उचलायला वाकतो ना, तेवढंच वाका.” हे त्यांना एका क्षणात कळलं. मग तीन आठवडे कठडा धरून फेऱ्या झाल्या. एके दिवशी लांब बाजूच्या मधोमध त्यांचा हात सुटला. पाणी वाहून जावं म्हणून रिंकला डोळ्यांना न दिसणारा उतार ठेवलेला असतो, त्या उतारानेच त्या निघाल्या. दहा-बारा फूट गेल्या असतील. त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो हसण्याचा होता की ओरडण्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही सगळ्या जिथे होतो तिथे थांबलो. आज त्या वळणावर पायावरून पाय टाकत क्रॉसओव्हर घेतात, उलट्याही जातात. घरी जाऊन पोळ्या लाटतात त्या तशाच दीडशे.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी दहा वर्षांची असताना वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून, रविवारी, एक लोखंडी जोड आणला होता. त्याला बूट नव्हता. लोखंडी पट्टी, खाली चार चाकं, वर चामडी पट्टे. आपल्याच चपलेवर किंवा बुटावर ते आवळायचं आणि चावीने लांबी कमी-जास्त करायची. चावी मी सुतळीने गळ्यात अडकवत असे. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी होती. तिच्या प्रत्येक सांध्यावरून चाक गेलं की टक-टक, टक-टक असा आवाज यायचा, आणि वेग वाढला की ते आवाज एकमेकांत मिसळून एकच लांब घरघर व्हायची. ती घरघर ऐकायला मिळावी म्हणून मी वेग वाढवत असे. महिन्यातून एकदा वडील वर्तमानपत्र पसरून चाकं काढायचे, बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, मग पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडायचे. चाक बोटाने फिरवून कानाशी धरायचे. आवाज आला नाही की म्हणायचे, “झालं.” आता चाकं पॉलियुरेथेनची आली आणि बेअरिंग साफ करायची वेगळी द्रावणं मिळतात, पण चाक कानाशी धरायची माझी सवय तशीच आहे.

लोक मला विचारतात, या वयात त्यात एवढं काय आहे? चालताना टाकलेलं पाऊल तिथेच संपतं. पुढे जायचं तर पुन्हा दुसरं टाकावं लागतं. स्केटवर एक पुश दिला की आपण काहीच न करता पुढे जात राहतो, कानाला वारा लागतो, आणि तो पुश आपलाच असतो. त्याला इंजिन लागत नाही, उतार लागत नाही, कोणी ओढत नाही. हा आनंद सहाव्या वर्षी जसा असतो तसाच साठाव्या वर्षी असतो. शरीर जड झालं, गुडघे कुरकुरायला लागले तरी त्या सरकण्यात काही फरक पडत नाही. कदाचित वय झाल्यावर तो जास्त कळतो, कारण बाकी सगळीकडे अंग ओढत न्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट आहे. रिंकवर सगळे एकाच दिशेने फिरतात, डावीकडे वळत, घड्याळाच्या उलट. आमच्या चौसष्टच्या काकू पहिल्या दिवशी सवयीने प्रदक्षिणेसारख्या निघाल्या आणि समोरून येणाऱ्या सगळ्या जणींना थांबावं लागलं. सगळ्यांनी एका बाजूने फिरायचं, वेगवान माणसाने हळू माणसाला जागा ठेवून पुढे जायचं, पडलेल्याच्या पाठीमागून येणाऱ्याने आधी हात वर करून मागच्यांना सावध करायचं. एवढे नियम पाळले की पाच वर्षांचं पोर, कॉलेजातला मुलगा आणि नातवंडं असलेली बाई एकाच वेळी एकाच जागेत खेळू शकतात. मैदानावर दुसऱ्या कोणत्या खेळात असं होतं, ते आठवून बघा. टर्फवर एका वेळी दहा-बारा मुलगे खेळतात आणि बाकीचे जाळीबाहेर उभे असतात.

तुमच्या फाइलीत स्केटिंग ‘बालक्रीडा’ या सदरात पडलं आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगते. अठराव्या शतकात बेल्जियमहून लंडनला आलेला जोसेफ मर्लिन हा घड्याळं आणि वाद्यं बनवणारा कारागीर. त्याने बुटाला चाकं लावली आणि एका मेजवानीत व्हायोलिन वाजवत शिरला, असं सांगतात. थांबायचं कसं आणि वळायचं कसं याची सोय त्या चाकांत नव्हती. तो सरळ पाचशे पौंडांहून जास्त किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, व्हायोलिन मोडलं आणि तोही जबर जखमी झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं स्केटिंग सरळ रेषेतच अडकलं. १८६३ साली न्यू यॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या दोन जोड्या रबराच्या गादीवर बसवल्या. अंग एका बाजूला कललं की चाकं त्या बाजूला वळू लागली. आज आम्ही ज्याला क्वाड म्हणतो तो हाच. १८६६ मध्ये त्याने अमेरिकेतल्याच न्यूपोर्टमधल्या एका हॉटेलच्या भोजनगृहात रिंक थाटली. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसनने पोलादी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि चाकं हलकी फिरू लागली.

यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती रिंकची बाब. ज्या काळात तिकडच्याही बायकांना चारचौघांत धावायची, घाम गाळायची मुभा नव्हती, त्या काळात रिंकवर बायका आणि पुरुष एकत्र खेळू लागले. म्हणजे हा खेळ मोठ्यांचा म्हणूनच रुजला. तो लहान मुलांचा आहे, ही समजूत नंतरची.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने या खेळाला जे दिलं ते तर सोन्याने लिहून ठेवावं असं आहे. तिथल्या रिंकवर त्यांना प्रवेश नसे, किंवा आठवड्यातून एखादी रात्र त्यांच्यासाठी राखलेली असे. शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकसमोर चाळीसच्या दशकात निदर्शनं झाली, खटले झाले, तेव्हा कुठे १९४६ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला नागरी हक्कांचा मोठा मोर्चा निघाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले. त्या मोर्चासाठी लेजर स्मिथ नावाचा स्केटर शिकागोहून निघाला आणि जवळजवळ सातशे मैल, दहा दिवस, चाकांवर गेला. छातीवर पट्टा होता, त्यावर लिहिलं होतं ‘स्वातंत्र्य’. सातशे मैल म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जाऊन परत निम्म्या वाटेवर येईपर्यंतचं अंतर. ज्या खेळाने त्याच्या समाजाला दारातून आत घेतलं नव्हतं, तोच खेळ घेऊन तो हक्क मागायला गेला.

त्या राखीव रात्रींमधूनच पुढे प्रत्येक शहराची आपली चाल तयार झाली. शिकागोत जेम्स ब्राउनच्या गाण्यांवर पाय टाकायची जी पद्धत पडली तिला त्याच्याच आद्याक्षरांवरून ‘जेबी’ म्हणतात. आपल्याकडे जसं लेझीम बघून कुठल्या भागातलं पथक ते ओळखता येतं, तसं तिकडे माणसाचे पाय बघून त्याचं शहर ओळखतात. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९४१ पासून चालू असलेली एम्पायर रिंक २००७ मध्ये बंद झाली, तेव्हा लोक रडले. आजी, आई आणि मुलगी एकाच रिंकवर शिकलेल्या असतील तर रडणारच.

पॅरिसमध्ये दर शुक्रवारी रात्री दहाच्या सुमाराला मोंपार्नासहून स्केटर्सचा जथा निघतो. तीन तास शहरभर फिरतो. रस्ते त्यांच्यासाठी मोकळे केले जातात आणि सोबत पोलीस असतात, तेही स्केट्सवर. हे मी मुद्दाम प्रशासनाला सांगते आहे. स्केट्स घातलेला पोलीस ही त्या शहरात नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

या खेळाला ऑलिंपिकचा आधार नाही. १९९२ साली बार्सिलोनात रोलर हॉकी प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली, एवढंच. क्रिकेटसारखा पैसा नाही, दूरदर्शनवर सामने नाहीत. तरी तो दीडशे वर्षं टिकून आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभर लोकांनी माळ्यावरचे जुने स्केट्स काढले आणि दुकानांतले नवे संपले. आमच्या चौदांपैकी पाच जणी त्याच दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मुलांच्या स्केट्समध्ये पाय घालून शिकायला लागल्या.

पदकांबद्दल बोलल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून तेही लिहिते. आणि अभिमानाने लिहिते. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप यामाने भारताला या खेळातली पहिली पदकं मिळवून दिली, एक एकेरीत आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीत. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेमध्ये आपल्या मुलींनी आणि मुलांनी एकाच सकाळी कांस्य जिंकलं. मुलांच्या चमूत आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्याबरोबर आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते.

ती शर्यत मी अजून मोबाइलवर बघते. शेवटच्या सरळ भागात दक्षिण कोरियाचा स्केटर पुढे होता. रेषेच्या आधीच त्याने जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात वर केले. मागून तैवानच्या स्केटरने डावा पाय लांब फेकला आणि त्याचं चाक आधी रेषेवर पोहोचलं. एक शतांश सेकंदाचा फरक. आमच्या गटातल्या जणींना मी ती चित्रफीत दाखवते ती पाय फेकण्यासाठी. शर्यतीत छाती नाही, चाक मोजतात. त्यामागोमाग काही सेकंदांत आपला चमू आला.

आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच आनंदकुमारने चीनमधल्या बेइदाइहे इथे हजार मीटरच्या शर्यतीत १ मिनिट २४.९२४ सेकंदांत विश्वविजेतेपद मिळवलं. स्पीड स्केटिंगमधला भारताचा पहिला विश्वविजेता. त्याच स्पर्धेत ४२ किलोमीटरची मॅरेथॉनही त्याने जिंकली. आपल्या बेळगावच्या रिंकवरून लिंबो स्केटिंगचे, म्हणजे जमिनीलगत वाकून अडथळ्याखालून जाण्याचे, विक्रम गिनेस बुकात गेले आहेत. पुण्याची सात वर्षांची एक मुलगी २०२२ मध्ये वीस मोटारींच्या खालून तेरा-चौदा सेकंदांत निघून गेली, तोही विक्रम झाला. मोटारीखालून जाताना पाय दोन्ही बाजूंना पूर्ण फाकवून, हनुवटी जमिनीपासून वीतभराहूनही कमी अंतरावर ठेवावी लागते. त्या जमिनीवर एक खडा असेल तर काय होईल, याचा विचार करा.

जमिनीबद्दल म्हणूनच जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथेच तुमचा आमचा संबंध येतो. धावणाऱ्याला माती चालते, क्रिकेटला खडबडीत मैदान चालतं. स्केटरचं सगळं भवितव्य पायाखालच्या दोन मिलिमीटरवर असतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या शहरांत पेव्हर ब्लॉकचं पीक आलं. पदपथ, शाळांची आवारं, सोसायट्यांची अंगणं, बागेतल्या वाटा, जिथे पूर्वी कोबा किंवा गुळगुळीत डांबर होतं तिथे ब्लॉक बसले. पाणी जमिनीत मुरावं, दुरुस्ती सोपी जावी, ही कारणं मला मान्य आहेत. पण प्रत्येक ब्लॉकच्या फटीत चाक अडकतं आणि हाडं खिळखिळी होतात. आमच्या लहानपणी स्केटिंगला रिंक लागत नसे, कोणतंही अंगण चालत असे. आता रिंक सोडून जागाच उरलेली नाही. म्हणून एक रिंक गेली की त्या भागातलं स्केटिंग संपतं. बॉक्स क्रिकेट गच्चीवर होतं, गोदामात होतं, पडीक प्लॉटवर होतं. स्केटिंगला दुसरीकडे जाता येत नाही.

आहे ती रिंकही कशी वापरली जाते ते बघा. आमच्या रिंकवर सभा होतात, आरोग्य शिबिरं होतात, त्याला आमची ना नाही. पण दोन वर्षांपूर्वी मांडव घालताना खांबांसाठी पहारीने चौदा खड्डे पाडले. मांडव गेला, खड्डे राहिले. पाच महिने अर्ज केल्यावर ते बुजवले ते नुसत्या वाळू-सिमेंटच्या ठिगळांनी, जी आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा बोटभर उंच आहेत. आम्ही प्रत्येक ठिगळाभोवती खडूने वर्तुळ काढतो. पाऊस आला की खडू जातो, पुन्हा काढतो. चौदाही वर्तुळं आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. नवीन बाई आली की तिला आधी कठडा दाखवतो आणि मग वर्तुळं. मांडव घालायचाच असेल तर खांबाखाली पाण्याचे पिंप किंवा वाळूची पोती ठेवून उभारता येतो, मंडपवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. निविदेत एक ओळ वाढवायची आहे.

सुरक्षिततेचं कारण वारंवार पुढे केलं जातं. मोठी माणसं पडली तर जबाबदारी कोणाची, असं विचारतात. पडणं या खेळात आहेच आणि पडायला शिकवता येतं. तोल गेला की खाली बसत जायचं, मांडीच्या बाजूवर किंवा गुडघ्याच्या पॅडवर यायचं, हात मागे टेकायचा नाही कारण मनगट जातं. आमच्याकडे चार वर्षांत एक मनगट दुखावलं, तेही माझंच, आणि ते एका ठिगळावर. हेल्मेट आणि पॅडशिवाय आत प्रवेश नाही, एवढा नियम पाटीवर लिहिला आणि पाळला तर पुरेसं आहे. पोहण्याच्या तलावाला तुम्ही जीवरक्षक ठेवता, तलाव बंद करत नाही.

मग उत्पन्न. टर्फ तासाला भाडं देतं आणि रिंक देत नाही, हे खरं. पण रिंकवर तुम्ही कधी तिकीट लावून बघितलं आहे का? बागेत बोट भाड्याने मिळते, सायकल मिळते, मग स्केट्स का मिळू नयेत? वीस-पंचवीस जोड, वेगवेगळ्या नंबरांचे, पॅड आणि हेल्मेटसह. शनिवार-रविवारी संध्याकाळी सात ते नऊ दिवे लावून, गाणी लावून रिंक सगळ्यांना खुली ठेवा. वर्ग सातला संपतो, त्यामुळे मुलांच्या सरावाला धक्काही लागत नाही. आईवडील आता कठड्याबाहेर मोबाइल बघत बसतात, तेही आत येतील. मुलाला हात धरून शिकवणारी आई सगळीकडे दिसते. रिंकवर मुलगी आईचा हात धरून तिला चालवते. आमच्याकडे अशा तीन जोड्या आहेत.

एक गोष्ट मला वर्गातल्या मुलांबद्दलही सांगायची आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी मुलं येतात, जिल्हा, विभाग, राज्य असं करत करत जातात. दहावी-बारावीचे क्रीडागुण मिळतील म्हणून पालक तग धरतात. आठवी-नववीत शिकवणी लागते आणि स्केट्स माळ्यावर जातात. स्पर्धेचा इनलाइन (चाकं एका ओळीत असलेला) जोड हजारो रुपयांचा, वरच्या दर्जाचा तर त्याहून किती महाग, पाय वाढला की नवा. म्हणून ज्यांना पदकाची आशा नाही ते आधी सोडतात. त्यातली बहुतेक मुलं उत्तम स्केटिंग करणारी असतात. त्यांना परत यायला जागाच नसते, कारण पाटी म्हणते ‘फक्त प्रशिक्षणार्थींसाठी’. मागच्या दिवाळीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला. लहानपणी याच रिंकवर शिकला होता. “काकू, एक राउंड मारू का?” असं त्याने विचारलं. मी माझे पॅड दिले, स्केट्स त्याचे स्वतःचे होते. त्याने चाळीस फेऱ्या मारल्या. जाताना रखवालदारकाकांच्या पाया पडला.

मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाचं खेडं आहे. तिथे २०१५ मध्ये सिमेंटचं स्केटपार्क बांधलं. ते स्केटबोर्डचं, पण सिमेंट तेच आणि चाकंही चाकंच. नियम दोन: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुलींचा नंबर आधी. गावातली आदिवासी आणि यादव मुलं, जी एकमेकांत मिसळत नसत, ती एका उतारावर रांग लावू लागली. एका खेड्याने दोन ओळींच्या नियमावर हे केलं. आपल्याकडे रिंक बांधून तयार आहेत, रखवालदार नेमलेले आहेत, दिव्यांचे खांबही उभे आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. ज्या रिंकवर टर्फचा प्रस्ताव आहे तो मागे घ्या. ‘इतरांना प्रवेश नाही’ ही पाटी काढा आणि तिच्या जागी वेळापत्रक लावा, ज्यात वर्गाची वेळ असेल, सर्वांसाठी वेळ असेल, आणि सकाळचा एक तास बायकांसाठी असेल. तो एक तास लिहून द्या, तोंडी नको, कारण अधिकारी बदलले की तोंडी परवानगी जाते. पृष्ठभाग दुरुस्त करताना ठिगळं न लावता पूर्ण थर एकदम ओतून पॉवर ट्रॉवेलने, म्हणजे घोटायच्या यंत्राने, घोटून घ्या. पदपथांची कामं निघतील तेव्हा प्रत्येक प्रभागातल्या एखाद्या बागेत तरी दीडशे-दोनशे फुटांची एक वाट पेव्हरविना, गुळगुळीत ठेवा. आणि जमलं तर पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका रिंकवर पत्रे टाका. चार महिने वाट बघणं या वयात फार होतं.

आमच्या हरकतीवर सुनावणीची तारीख अजून कळलेली नाही. त्याआधी आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही शहरातले असा, आमच्या रिंकवर यावं. रविवार सोडून रोज पावणेसहा. फाटक उघडं असतं. पायाचा नंबर आदल्या दिवशी रखवालदारकाकांकडे कळवून ठेवा, आमच्याकडे पाच ते दहा नंबरचे जोड आहेत, पॅड आहेत, हेल्मेटही आहेत. मोजे तेवढे जाड आणा. पहिल्या दिवशी कठड्याच्या डाव्या बाजूने सुरुवात करा, तिकडे ठिगळं कमी आहेत. पोळ्यावाल्या वहिनी हात धरायला उभ्या असतील. नवीन माणसाला त्याच शिकवतात आता.

आपली,
एक स्केटर
(पहाटेच्या चौदा जणींच्या वतीने)